२०४० ची गाडी कशी असावी? (इंदूरच्या गल्लीत मावेल अशी सांगा)

रामबागवाला
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या गणेशोत्सवात यंदा मुलांसाठी मॉडेल बनवायची स्पर्धा आहे, विषय "२०४० मधलं माझं वाहन", वय १० ते १५. परीक्षकाची माळ माझ्या गळ्यात, कारण मंडळात गाड्यांशी संबंध असलेला मी एकटाच (स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, पण मंडळाला तेवढं पुरतं). मागच्या वर्षी विषय मोकळा होता तर ज्यांनी ज्यांनी गाडी केली त्या सगळ्यांनी उडणारीच केली, थर्माकोल, चांदीचा कागद आणि दोन पंख, आणि ज्याच्या पंखात एलईडी होते त्याला बक्षीस.

यंदा मला असं वाटतंय की पोरांना आधी एकदा बसवून सांगावं की बाबांनो, आपल्या रामबागेत चालेल अशी गाडी काढा. आता आमच्या गल्लीत एक मोठी गाडी शिरली की समोरून येणाऱ्या अॅक्टिवालासुद्धा मागे जावं लागतं. जुनी मारुती ८०० साधारण १.४ मीटर रुंद होती, आजची क्रेटा १.८ मीटरच्या आसपास. गल्ली होळकरांच्या वेळची तेवढीच आहे आणि गाड्या फुगत चालल्यात. आत बसणारा माणूस मात्र बहुतेक वेळा एकच.

तर प्रश्न असा की मार्क कशावर द्यायचे? सुंदर दिसण्यावर नको, ते आईवडील करून देतात.

पीथमपूर_रिटायर्ड
चांगला विषय काढलात. माझं आयुष्य पीथमपुरात, इंदूरजवळच्या गाड्यांच्या कारखान्यांमध्ये गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, आधीच सांगतो.

भविष्यातली गाडी म्हटलं की लोकांना आकार दिसतो. मला विचाराल तर इंदूरने भविष्यातली गाडी एकदा स्वतःच्या हाताने बनवलेली आहे आणि तिचा आकार अगदी साधा होता. १९८४ ला किनेटिक होंडा आली, पुण्याच्या फिरोदियांची किनेटिक आणि जपानची होंडा यांची भागीदारी, आणि कारखाना आपला पीथमपूरचा. त्याआधीची स्कूटर आठवा, डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीत गिअर, इंजिन एका बाजूला म्हणून वजन उजवीकडे ओढणार, थंडीच्या दिवसात गाडी आडवी करायची, मग किक मारायची, मारतच राहायची. किनेटिकला बटन होतं. गिअरच नाहीत, आत बेल्ट आणि पुली, वेग वाढला की आपोआप बदलणार. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, काही राक्षसी ताकद नव्हे. पण ज्या बायका तोवर मागे बसायच्या त्या पुढे बसायला लागल्या. शाळेतल्या बाई, बँकेतल्या बाई, साडीत, स्वतः गाडी चालवत. पुढे २००१ ला अॅक्टिवा आली आणि आज कुणाला त्यात काही विशेष वाटतही नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न पोरांना हा असेल की तुझ्या गाडीमुळे असं कोण गाडी चालवू शकेल जो आज चालवू शकत नाही? याचं उत्तर नसेल तर पंख लावा नाहीतर शेपूट, मार्क कमी.

दुसरं, वजन. माणूस ६५ किलोचा आणि त्याला दूध आणायला नेणारी गाडी बाराशे किलोची. इंजिन असो की बॅटरी, तुमचे पैसे त्या बाराशे किलोला हलवण्यात जातात, तुम्ही त्यात फुकट बसलेले असता.

लोकमान्यनगरची_ताई
काका, अगदी बरोबर. पण मी रोज गाडी चालवते म्हणून सांगते, चालवता येणं झालं, आता पुढचं बघा. पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये मी ऑफिसला पोचते तेव्हा रेनकोटच्या आतून घामाने ओली आणि बाहेरून पावसाने ओली, म्हणजे रेनकोट घातला काय न घातला काय. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला सिग्नलवर थांबायचं तर तोंडाला स्टोल, हातमोजे, गॉगल. मागे सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे पाय टाकून बसता येत नाही, एका बाजूला बसतात, आणि मध्ये भाजीची पिशवी. हे सगळं ज्या डिझाइनमध्ये बसतं ते भविष्य, बाकी सगळं पोस्टर.

आणि एक गंमत सांगू का, साडी गार्ड. ते बाजारातलं एक्स्ट्रा नाहीये, सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्समध्ये नियम १२३ आहे, मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं असायला पाहिजे असं लिहिलंय. म्हणजे कुणीतरी कधीतरी मागे बसलेल्या बाईचा विचार करून ते कायद्यात घातलं. २०४० च्या गाडीत असा विचार कुठाय ते शोधा.

माझं मत विचाराल तर मला स्कूटरलाच छप्पर पाहिजे. एवढी साधी गोष्ट कुणी का करत नाही?

प्रॉडक्ट_डिझाइनवाली
ताई केलंय ना! मी डिझाइन शिकतेय, आमच्या कॉलेजात याच्यावर खूप भांडणं होतात म्हणून सगळं तोंडपाठ आहे 😄

बीएमडब्ल्यूने २००० साली सी१ नावाची स्कूटर काढली होती, १२५ सीसी, वर अॅल्युमिनियमचा पिंजरा आणि छप्पर, समोर काच, कारसारखा सीट बेल्ट. कल्पना अशी की पिंजरा आणि बेल्ट आहे म्हणजे हेल्मेट नको, जर्मनीसारख्या काही देशांनी ते मान्य केलं, ब्रिटनने नाही केलं. दोन-तीन वर्षांत बंद पडली. एकतर १८५ किलो, आणि छपरामुळे वजन वर गेलेलं, त्यामुळे हळू चालवताना तोल सांभाळायला त्रास. आणि ताई, तुमच्यासाठी खास माहिती म्हणजे मागे बसणारा माणूस पिंजऱ्याच्या बाहेर बसायचा!! चालवणारा आत कोरडा, मागचा पावसात. सासूबाईंना सांगून बघा 😂

जपानमध्ये पिझ्झावाले होंडाची जायरो कॅनोपी वापरतात, तीन चाकं, वर छप्पर, मागे डबा, ती मात्र वर्षानुवर्षं चालतेय कारण तिथे मागे माणूसच नाही, पिझ्झा आहे.

मग तीन चाकं करू असं म्हटलं तर टोयोटाने २०१३ ला आय-रोड दाखवली. रुंदी फक्त ८७ सेंटीमीटर, दोन माणसं एकामागे एक, बंद केबिन, वळताना गाडी स्वतः आत झुकते. फ्रान्समध्ये ग्रेनोबल शहरात भाड्याने चालवून पण बघितली. पण वळायचं मागच्या चाकाने, म्हणजे भिंतीला लागून उभी असेल आणि तुम्ही वळवलीत की शेपूट भिंतीकडे जातं. आमच्या सरांनी एका वाक्यात निकाल लावला, म्हणाले आपल्या गर्दीच्या मरोठिया बाजारात नेऊन दाखव.

मला सगळ्यात आवडते ती सित्रोएनची अॅमी, २०२० ची. दोघांची चारचाकी, वेग फक्त ताशी ४५, लांबी २.४१ मीटर. फ्रान्समध्ये १४ वर्षांची मुलं चालवू शकतात. डावं आणि उजवं दार एकच पार्ट आहे, त्यामुळे एक दार पुढून उघडतं आणि एक मागून! पुढचा-मागचा बंपरपण सारखाच. एक साचा वाचला की पैसे वाचले. दिसायला विचित्र आहे पण मुलांना ही नक्की दाखवा, कारण "स्वस्त कसं करायचं" हा पण डिझाइनचाच भाग आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

बसवाला_भाऊ
सगळं वाचलं. राग मानू नका पण तुम्ही सगळे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देताय. पर्सनल गाडी हाच प्रॉब्लेम आहे आणि तुम्ही अजून एक पर्सनल गाडी काढायला निघालात. आपल्याकडे एबी रोडवर २०१३ पासून बीआरटीएस होती, साडेअकरा किलोमीटर, आयबसला स्वतःची लेन, आणि २०२५ ला हायकोर्टाच्या आदेशानंतर ती तोडायला घेतली. का, तर बाजूच्या गाड्यांना जागा पाहिजे. मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर सहा किलोमीटर, जिथे सध्या वस्तीच कमी. माझ्या मते पोरांना बसचं मॉडेल करायला लावा, किंवा फुटपाथचं. हो फुटपाथचं! २०४० ला इंदुरात राजवाड्यापासून जेल रोडपर्यंत म्हातारा माणूस न धडपडता चालत गेला तर ती सगळ्यात मोठी क्रांती असेल भिया.

लोकमान्यनगरची_ताई
भाऊ फुटपाथ पाहिजेच, वादच नाही. पण बस माझ्या दारापर्यंत येणार नाही आणि रात्री नऊ वाजता स्टॉपपासून घरापर्यंतचं अंतर तुम्ही बाई होऊन चालून बघा मग बोलू. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर बसच्या पायऱ्या कोण चढवणार? मी दर वेळी ई-रिक्षा करते आणि त्यातही चढताना त्यांचा पाय लटपटतो. तुमची बस मेन रोडवर छान आहे. मेन रोड आणि घर यांच्यामधलं जे आहे ना, आमचं सगळं आयुष्य तिथेच जातं.

बसवाला_भाऊ
मग ती गाडी तुमच्या मालकीची कशाला पाहिजे? गल्लीच्या तोंडाशी चार उभ्या असाव्यात, ज्याला पाहिजे त्याने न्यावी. दिवसभर तर त्या उभ्याच असतात. एका मोठ्या गाडीच्या जागेत पाच स्कूटर उभ्या राहतात, हिशोब करून बघा.

रामबागवाला
भाऊ कल्पना चांगली आहे पण आमच्या गल्लीत सार्वजनिक नळाची तोटी टिकत नाही 🙏 तरी मुलांसाठी मुद्दा लिहून घेतला, "गाडी उभी असताना काय करते?" हा प्रश्न विचारणार.

सराफ्यातला_चिंटू
सगळं ठीक आहे पण उडणारी गाडी एवढी का वाईट? चीनमध्ये दोन माणसांचं ड्रोन सर्टिफाय झालंय म्हणे. आपल्याकडे २०४० पर्यंत येईल की. ट्राफिकची कटकटच खतम.

पीथमपूर_रिटायर्ड
चिंटूशेठ, झालंय, इहँगचं ईएच२१६, २०२३ ला तिथल्या विमान खात्याने मान्यता दिली. त्याची रुंदी पाच मीटरपेक्षा जास्त आहे. उतरवणार कुठे, सराफ्यात? चाकावरची गाडी थांबली की तिला उभं राहायला काही खर्च येत नाही, जमीन तिला उचलून धरते. हवेत थांबायचं तर स्वतःच्या वजनाएवढा जोर सतत खाली हवा ढकलून काढावा लागतो, बॅटरी त्यातच संपते. आणि ती खाली ढकललेली हवा कुणाच्या तरी गच्चीवरच्या पापडांवर जाणार. अँब्युलन्सला, पुरात, डोंगरात उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. दूध आणायला नाही.

वेगाचंही तसंच. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ ला उद्घाटन झालं, आशियात सगळ्यात लांब म्हणतात. त्यावर गाड्या ताशी दोनशेच्या वर पळवतात. तीच गाडी पलासियाच्या चौकात आली की सायकलवाला पुढे जातो. शहरातल्या गाडीला ताशी ५० चा वेग पुरे, आणि एकदा वेग कमी धरला की सगळंच हलकं करता येतं, ब्रेक, टायर, चॅसी, बॅटरी, सगळं.

आता वरच्या मुलीने आय-रोडचं सांगितलं त्यात थोडी भर. अरुंद गाडी का उलटते? दोन मापं बघायची, चाकांमधलं अंतर किती आणि वजन किती उंचावर. अंतर कमी केलंत तर वजन खाली आणा, नाहीतर वळणावर गाडी झुकवा. आपली रिक्षा पुढे एक चाक आणि मागे दोन अशी आहे, वळता वळता ब्रेक मारला की वजन पुढच्या एकट्या चाकाकडे जातं आणि गाडी कलते. पुढे दोन आणि मागे एक केलं तर ब्रेकच्या वेळी वजन दोन चाकांवर येतं. पियाज्जोची एमपी३ स्कूटर २००६ पासून तशीच आहे, पुढे दोन चाकं आणि ती झुकतातही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली ठेवता येते हा तर फुकटचा फायदा, पेट्रोलच्या इंजिनला ते एवढं सोपं नव्हतं.

ताईंच्या छपराला मी शंभर मार्क देतो, आणि त्याच छपरावर सोलर. आकडे मांडतो. एक चौरस मीटर पॅनेल भर उन्हात साधारण २०० वॅट देतं. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला पाचेक तास पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा धरा, म्हणजे एक युनिट. हलकी इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला २५-३० वॅट-तास खाते, म्हणजे एका युनिटमध्ये तेहतीस ते चाळीस किलोमीटर, शहरातल्या माणसाचं दिवसाचं काम झालं. तेच पॅनेल मोठ्या गाडीवर लावा, ती १५० वॅट-तास खाते, सहा-सात किलोमीटरमध्ये गार. पुण्याच्या वायवे मोबिलिटीने एवा म्हणून छोटी सोलर छपराची गाडी २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली होती ती म्हणूनच छोटी आहे. अर्थात उन्हात उभी केली तर चार्ज होणार आणि आत भट्टीही होणार, हे दुखणं आहेच. आणि बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, म्हणून आपल्याकडे लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली बरी, जरा जड असते पण गरम होऊन भडकायची भीती कमी.

प्रॉडक्ट_डिझाइनवाली
काका तुम्ही आमच्या कॉलेजात या शिकवायला 🙏 अजून दोन भारतीय उदाहरणं. मुंबईच्या लायगर मोबिलिटीने २०२३ लाच स्वतः तोल सांभाळणारी स्कूटर दाखवली, थांबली तरी पडत नाही, पाय टेकायला नको. ज्यांना गुडघ्यामुळे गाडी सोडावी लागली त्यांच्यासाठी भारी. आणि हीरोची सर्ज एस३२, जानेवारी २०२४, ती तर मुलांना वेड लावेल. मालवाहू तीनचाकी आहे आणि तिच्या पोटातून स्कूटर बाहेर निघते! दिवसा माल पोचवा, संध्याकाळी मागचा भाग तिथेच सोडून स्कूटरवर घरी या. बसवाला भाऊ म्हणतात ना की गाडी दिवसभर उभी असते, त्याचं हे एक उत्तर आहे.

माणिकबाग_रोडवरून
उशिरा आलो पण राहवत नाही. इंदुरात बसून गाडीच्या डिझाइनवर एवढी चर्चा आणि महाराज दुसऱ्या यशवंतराव होळकरांचं नाव नाही? १९३० च्या दशकात महाराजांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि वरची बॉडी इंग्लंडमध्ये गर्नी नटिंगकडून करून घेतली, केशरी आणि काळी, आजही जगातल्या भारी गाड्यांमध्ये गणतात. त्याच सुमारास माणिकबाग पॅलेस जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला, फर्निचरसकट सगळं त्या काळाच्या पुढचं. आज त्यात टॅक्सवाल्यांचं ऑफिस आहे.

पीथमपूर_रिटायर्ड
सुंदर गाडी, वादच नाही. पण पंचवीस फुटाचा रस्ता आणि पेट्रोलचा पंप सोबत देणार असाल तर. ती एका माणसाचं भविष्य होती, आपण गल्लीचं बोलतोय.

माणिकबाग_रोडवरून
मान्य, पण मुलांना सुंदर काय असतं तेही दिसू द्या हो. सगळंच किलो आणि सेंटीमीटरमध्ये नका मोजू. कुणीतरी त्या केशरी-काळ्या रंगाची स्कूटर काढली तर माझ्याकडून वेगळं बक्षीस.

दुसऱ्या_मजल्यावरचा
एक भाडेकरू म्हणून बोलतो. चार्जिंग कुठे करू? खाली मालकाचा मीटर, माझी गाडी रस्त्यावर, खिडकीतून वायर सोडली तर सगळी गल्ली बोंब मारते. काढता येणारी बॅटरी पाहिजे, तीही उचलवेल अशी. होंडाची जी अदलाबदलीची बॅटरी आहे ती साधारण दहा किलोची आहे आणि त्यात १.३ युनिट मावतं. दहा किलो मी जिना चढून नेईन, माझी आई नाही नेणार. दोन पाच-पाच किलोच्या द्या. मुलांच्या मॉडेलमध्ये बॅटरी कुठून निघते ते नक्की विचारा.

लोकमान्यनगरची_ताई
हे बेस्ट. दोन हातात दोन, पाण्याच्या कळशांसारख्या.

रामबागवाला
मंडळी, खूप मिळालं. काल टेप घेऊन गल्ली मोजली, विजेचा खांब आणि कोपऱ्यावरचा ओटा सोडला तर सगळ्यात अरुंद जागी २.६ मीटर भरते. तर असं ठरवतोय. सगळ्यांची मॉडेल एकास दहा मापात. पुठ्ठ्याची गल्ली करणार, २६ सेंटीमीटर रुंद, त्यात दोन मुलांची मॉडेल समोरासमोरून सोडायची, न घासता पार झाली पाहिजेत. म्हणजे जो रुंद गाडी करेल तो स्वतः पण अडकेल आणि दुसऱ्याला पण अडकवेल, भांडणं होतील, होऊ दे, रोज होतातच. मग काकांच्या हिशोबाने मॉडेल पाटावर ठेवून पाट एका बाजूने उचलत जायचा, ज्याचं उशिरा उलटेल त्याला जास्त मार्क. आणि सोळा सेंटीमीटरची बाहुली, ती आजी, तिला आत बसवून दाखवायचं आणि बाहेर काढून दाखवायचं. रंगाला दहा मार्क ठेवलेत, माणिकबागवाल्यांचा मान राखून.

प्रॉडक्ट_डिझाइनवाली
ओएमजी हे आमच्या कॉलेजच्या जजिंगपेक्षा भारी आहे. मी येऊ का बघायला?

लोकमान्यनगरची_ताई
बाहुल्या मी करून देते, तारेच्या, वरून कापड. बाजारातल्या बाहुल्यांचे गुडघे वाकत नाहीत. एकीला नऊवारी नेसवते, बघू कुणाच्या गाडीत बसते.

बसवाला_भाऊ
माझा मुलगा बसच करणार आहे. २५ सेंटीमीटर रुंदीची. गल्लीत घुसणार नाही, तोंडाशी थांबणार. डिसक्वालिफाय केलं तर मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलतो.

रामबागवाला
येऊ द्या भाऊ, गल्लीच्या तोंडाशी स्टॉप काढून ठेवतो. वजनासाठी शेजारच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतोय, सगळ्यात हलक्या तीन मॉडेलना जादा मार्क.

पीथमपूर_रिटायर्ड
वजन सेल घालूनच करा हं. नाहीतर सेल खिशात आणि मॉडेल काट्यावर, पोरं इंदूरची आहेत.